मुंगळ्यांचे बिऱ्हाडकरू

काशीतल्या दूधविनायकच्या आमच्या गल्लीत मास्तरांशी गप्पा मारायला कुणी सहसा धजत नसे. तुम्ही काहीही सांगा, ते चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "पाहिलंत की ऐकलंत?" गंगेला पाणी चढलंय म्हणा, गव्हाचा भाव उतरला म्हणा, उद्या शाळेला सुट्टी आहे म्हणा, प्रश्न हाच. पाहिलं म्हणालात तर पुढचं ऐकून घेत. ऐकलं म्हणालात तर "मग ज्याने पाहिलं त्याला पाठवा" म्हणून चालू लागत. एकदा एका गृहस्थांना सासरे वारल्याचं पत्र देशावरून आलं. मास्तरांनी त्यांनाही तेच विचारलं. ते गृहस्थ पुढे कित्येक वर्षं मास्तर दिसले की दुसऱ्या गल्लीत वळत, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

मी त्यांच्याच शाळेत इतिहास शिकवत होतो आणि त्यांच्याच गल्लीत राहत होतो, त्यामुळे मला वळायला दुसरी गल्ली नव्हती. माझ्या विषयाची त्यांना मनापासून कीव येई. "तुमचं सगळंच ऐकीव. ज्यांनी पाहिलं ते सगळे मेले," असं ते भर शिक्षकांच्या खोलीत म्हणत. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "इतिहासवाले" म्हणत. मी त्यांना नुसतं मास्तर म्हणे. गल्लीतल्या हिंदी बोलणाऱ्यांनी त्यांना "चींटीवाले मास्टर साहब" करून टाकलं होतं, आणि मला वाटतं हे नाव त्यांना आवडायचं, कारण ते पाहून ठेवलेलं होतं.

उंच, वाळकी अंगकाठी, काळी टोपी, आणि उन्हाळा असो की थंडी, गुडघ्यापर्यंत येणारा एक मळकट कोट. कोटाच्या खिशांत काचेच्या नळ्या, कापूस आणि गुळाचे खडे. चालताना नजर भिंतीच्या बुडाशी. काशीच्या गल्लीत माणूस समोर बघून चालतो, कारण वळणावर सांड उभा असतो. मास्तर सरळ जाऊन सांडावर आदळत आणि त्याची माफी मागून पुढे जात. माफी हिंदीतून मागत. ते सांड मराठी नव्हते, हे त्यांच्या ध्यानात असे.

भिंतीच्या बुडाशी ते मुंगळे शोधत. काळे, मोठे मुंगळे, जे आपल्या धोतरात शिरले की आपण नाचतो, ते. त्या मुंगळ्यांच्या पोटात कसले जंतू राहतात हे पाहणं हाच मास्तरांचा उद्योग. वरच्या खोलीत गंगेकडच्या खिडकीपाशी त्यांनी पितळेचा एक जुना सूक्ष्मदर्शक मांडला होता. गल्ली त्याला खुर्दबीन म्हणे. ऊन चांगलं असलं की मास्तर खुशीत, आभाळ आलं की त्यांच्याशी बोलायची सोय नसे, कारण खुर्दबिनीला उजेड लागतो.

मला समजलं ते एवढंच. मुंगळ्याच्या आतड्याच्या अस्तरात, बारीक काड्यांसारखे जंतू दाटीवाटीने भरलेले असतात. राणीच्या अंड्यातसुद्धा असतात, म्हणजे ते बाहेरून लागत नाहीत, आईकडूनच लेकरांत येतात. कुणा परदेशी माणसाने हे आधीच पाहिलं होतं. मास्तरांनी ते वाचलं होतं, म्हणजे त्यांच्या हिशेबी नुसतं ऐकलं होतं. म्हणून त्यांनी स्वतः सगळी काशी पालथी घातली. भोसले घाटाच्या मागच्या लिंबाखालचं वारूळ, सारनाथच्या आंबराया, गंगेपलीकडची रेती, रामनगर. जिथे मुंगळा तिथे ते जंतू. एकही घराणं सुटलेलं नाही, आणि आजारी मात्र एकही नाही.

"सगळ्यांना झालंय आणि कुणाला काही झालेलं नाही," ते मला म्हणाले. "याला रोग म्हणाल का?"

"मग काय म्हणायचं?"

"घरात शिरलेला प्रत्येक जण चोर नसतो, इतिहासवाले. कुणी बिऱ्हाडकरूही असतो. आता हा बिऱ्हाडकरू भाडं काय देतो, तेवढं शोधायचंय."

ते भाडं शोधण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली.

गावाला निघालेल्या माणसाकडे लोक लोणचं, नाहीतर निरोप पाठवतात. मास्तर रिकामा डबा देत. एकदा मी सासूबाईंना विंध्याचलच्या देवीला घेऊन गेलो आणि येताना तिथल्या डोंगरातलं मुंगळ्यांचं एक बिऱ्हाड राणीसकट डब्यात घालून आणलं. ते कसं खणलं ते विचारू नका. स्टेशनवरून एक्क्यात बसलो तेव्हा डबा सासूबाईंच्या मांडीवर होता, आणि आत काय आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. चौकाच्या गर्दीत एक्क्याला हिसका बसला, झाकण उडालं, आणि सासूबाईंनी भर चौकात एक्क्यावरून खाली उडी घेतली. त्या वयात त्यांना उडी मारता येते हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "राणी आहे ना?" मी म्हटलं, "सासूबाईंचा गुडघा सुजलाय." त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "त्यांना म्हणावं, चावले ते मुंगळे निरोगी होते. काळजी नको."

शाळेत त्यांचं कुणाशी पटत नव्हतं. एका साली पटकीची साथ आली म्हणून आरोग्य खात्याचा गोरा साहेब पोरांसमोर भाषणाला आला. जंतू म्हणजे माणसाचा शत्रू, सगळे जंतू मारले पाहिजेत, असं तो सांगत होता आणि आमचे हेडमास्तर शेजारी उभे राहून हिंदीत तर्जुमा करत होते. मास्तर मागच्या रांगेत उभे राहिले आणि म्हणाले, "सब? साहब ने देखा है या सुना है?" हेडमास्तरांनी ते वाक्य साहेबाला इंग्रजीत सांगितलं नाही, पण साहेबाला हिंदी येत होतं. पुढच्या आठवड्यात मास्तरांचे वरचे वर्ग काढून घेतले आणि त्यांना लहान पोरांची चित्रकला दिली. मास्तरांनी त्या पोरांकडून वर्षभर मुंगळे काढून घेतले.

आता आत्यांबद्दल सांगतो, कारण आत्यांशिवाय मास्तर सांगता येत नाहीत.

मास्तर ज्या घरात वर राहत ते घर आत्यांचं. कुणाच्या आत्या ते कुणाला माहीत नव्हतं, सगळी गल्लीच त्यांना आत्या म्हणे. लहान वयात नवरा गेला, घर पदरात आलं, आणि त्यांनी खाली खानावळ काढली. वेदपाठशाळेतले विद्यार्थी, यात्रेला आलेले देशावरचे लोक, आणि मास्तर. मास्तरांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती. त्याबद्दल ते बोलत नसत, आणि मी ते पाहिलेलं नसल्यामुळे कधी विचारलं नाही. जेवायची त्यांना आठवण नसे. आत्या जिन्याच्या कठड्यावर पळी वाजवत, "मास्तर, भात ठंडा होतोय! ती चींटी कुठे पळून नाही जात!"

एकदा त्यांना हिवताप भरला. डॉक्टरने क्विनाइन लिहून दिलं. मास्तर घेईनात. रक्तात हिवतापाचे जंतू आहेत हे डॉक्टरने पाहिलंय का, नुसतं कपाळाला हात लावून सांगितलंय? थंडीने दात वाजत असताना त्यांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं. आत्यांनी खुर्दबीन ओढत त्यांच्या बिछान्यापाशी आणली, सांगतील तसा आरसा धरला आणि मास्तर एका डोळ्याने आत बघत बसले. बराच वेळ झाल्यावर आत्यांनी विचारलं, "पाहिलं?"

"पाहिलं."

"मग आता गुमान गिळा."

त्यानंतर महिनाभर आत्यांनी त्यांना पेज भरवली. ते त्या आजारातून उठले ते आत्यांमुळे, हे मी पाहिलं आहे.

आत्यांचा नेम असा की पहाटे संकठा घाटावर स्नान करायचं, देवीचं दर्शन घ्यायचं आणि परत येताना गल्लीतल्या प्रत्येक मुंग्यांच्या बिळाशी चिमूटभर पीठसाखर घालायची. काशीत येऊन राहिलेल्या बायका पुण्याचं काहीतरी लावून घेतातच, आत्यांनी मुंग्या लावून घेतल्या होत्या. मास्तरांच्या मुंगळ्यांवर त्यांचा जीव होता. मास्तरांवरही होता, पण ते त्या मुंगळ्यांच्या नावावर खपवत.

भाड्याचा प्रश्न सोडवायची वाट मास्तरांना अपघाताने सापडली. एका जेठात, म्हणजे ज्येष्ठ महिन्यात, मुंगळ्यांचा एक डबा गच्चीवरच्या पत्र्याखाली राहून गेला. भाजून काढणारी लू वाहत होती. मास्तरांना वाटलं सगळे मेले असतील. काही मेले होते, पण बरेचसे जिवंत होते, राणीही होती. सवयीने त्यांनी एकेक मुंगळा चिरून पाहिला तर आतल्या काड्या गायब. उन्हाने मुंगळे मेले नव्हते, बिऱ्हाडकरू मात्र उठून गेले होते.

त्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि माझ्या बायकोने पुढे केलेला चहा चक्क प्याले. म्हणाले, "आता दोन डबे. एक गच्चीवर, एक खाली गार तहखान्यात. उन्हाळा संपला की दोन्ही शेजारी ठेवायचे. दोघांना खायला नुसतं साखरेचं पाणी आणि चिमूटभर पीठ. त्यावर बाळं कुणाची वाढतात ते बघायचं. बिऱ्हाडकरू काही देत असेल तर तो गेल्यावर घराला कळेल की नाही?"

मुंगळ्यांच्या अळ्यांना ते बाळं म्हणत.

यात त्यांचं काय अडकलं होतं तेही सांगतो. कलकत्त्याचे एक बंगाली प्रोफेसर दरवर्षी म्हाताऱ्या आईला घेऊन काशीला येत. मास्तरांनी त्यांना गाठलं होतं. प्रोफेसर सज्जन होते. त्यांनी सांगितलं होतं, दोन डब्यांतला फरक मला दाखवा, माझ्या प्रयोगशाळेत तुमच्यासाठी एक टेबल ठेवतो. उत्तरेच्या खिडकीपाशी. हे टेबल मास्तरांच्या बोलण्यात इतक्या वेळा यायचं की मला त्याचे पायसुद्धा पाठ झाले होते. चित्रकलेच्या तासाला येऊन-जाऊन थकलेला माणूस, वय उलटत चाललेलं, आणि हिंदुस्थानात जिथे त्यांचं म्हणणं समजू शकेल अशी ती एकच खोली. त्या टेबलासाठी ते जगत होते असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

श्रावणात प्रोफेसर आले. मीही गेलो होतो. खिडकीपाशी दोन डबे, वर काच, बाजूला साखरपाण्याच्या वातीसाठी भोक. प्रोफेसरांनी कोट काढला, भिंग घेतलं, एक डबा पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिला पाहिला. दोन्हींत बाळं होती. पांढरी, गुबगुबीत, भिजल्या तांदळासारखी. दोन्हींत सारखीच.

मास्तरांना हे आधीपासून दिसत होतं. तरी मनात कुठेतरी आशा होती की आपल्याला न दिसलेलं काही प्रोफेसरांना दिसेल.

प्रोफेसर हळू आवाजात म्हणाले, "मास्टरजी, आपके किरायेदार किराया नहीं देते. मुफ़्त में रहते हैं." मग त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, आत्यांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. त्यांना त्याच दिवशीची कलकत्त्याची गाडी होती.

मास्तर खाटेवर बसून राहिले. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." ते म्हणाले, "काय पुढच्या वर्षी? मी पाहिलंय." त्यांच्याच वाक्याने त्यांना असं घेरलेलं बघून मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आत्या वर आल्या. शुक्रवार होता. हातात संकठादेवीच्या प्रसादाचा द्रोण. म्हणाल्या, "मास्तर, परेशान नका होऊ. प्रसाद घ्या."

"नको."

"पेढ्याला नाही म्हणू नये. बरं, नंतर घ्या. आधी यांना देते, ह्यांची वेळ झाली." आणि त्यांनी पेढ्याचा कोपरा मोडून, बोटाने चुरून, सरावाच्या हाताने पहिल्या डब्याच्या भोकातून आत सोडला.

मास्तरांनी मान वर केली. "वेळ झाली म्हणजे?"

"शुक्रवारची वेळ. तुम्ही शाळेत असता तेव्हा देते. बिचाऱ्यांना तुम्ही नुसतं साखरेचं पाणी देता. बाळंतिणीचं घर आहे ते, पाण्यावर चालतं का?"

"दोन्ही डब्यांना?"

आत्यांनी त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "मग? प्रसादात दुजाभाव करू? ह्याला देऊ, त्याला नको म्हणू?"

साऱ्या गल्लीला पाहिलंत की ऐकलंत विचारणाऱ्या माणसाच्या नाकासमोर, त्याच्याच खोलीत, हे दर शुक्रवारी चाललं होतं आणि त्याने ते पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता मास्तर ओरडतील. मी आत्यांच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभासुद्धा राहिलो. पण मास्तरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी विचारलं, "आत्या, पेढ्यात काय असतं?"

"खवा नि साखर. अजून काय?"

"खवा म्हणजे दूध."

"नाहीतर काय, माती?"

"दूध!" मास्तर उठून उभे राहिले. "इतिहासवाले, दूध! साखरेच्या पाण्यावर बाळ वाढत नाही, त्याला दुधातलं काहीतरी लागतं. ज्या डब्यात बिऱ्हाडकरू आहेत तिथे ते बिऱ्हाडकरू देतात. ज्या डब्यात नाहीत तिथे आत्यांनी दिलं! आत्यांनी भाडं भरलं!" आणि ते टोपी न घालताच जिना उतरले. मी त्यांच्या मागे.

स्टेशनवर गाडी उभी होती. प्रोफेसर डब्यात आईच्या पायांवर शाल घालत होते. मास्तरांनी खिडकीच्या गजांना धरून धापा टाकत सगळं सांगितलं, देवी, शुक्रवार, खवा, सगळं. प्रोफेसरांनी नीट ऐकून घेतलं. मग जरा हसून, पण कुत्सितपणे नव्हे, त्यांनी विचारलं, "मास्टरजी, प्रसाद के बिना क्या होता है, यह आपने देखा है?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"तो दिखाइए. टेबल रखा है."

गाडी गेली. परत येताना मास्तर चक्क समोर बघून चालत होते. म्हणाले, "बरोबर विचारलं त्यांनी. मी असतो तर हेच विचारलं असतं." एक उन्हाळा, दोन डबे आणि पेढा नाही. एवढंच बाकी होतं.

आणि तिथेच सगळं अडलं, कारण आत्यांनी साफ नकार दिला.

मास्तरांनी त्यांना नीट समजावून सांगितलं. आत्या भाकरी थापता थापता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे एका डब्यातली पोरं भुकेने मरतात का ते बघायचं."

"हो. पण त्यातून..."

"माझ्या घरात नाही. साफ सांगते, मास्तर. काशीत अन्नपूर्णा बसलीय, इथे कुणी खाली पेट निजत नाही. आणि माझ्या घरात तुम्ही जाणूनबुजून पोरांना भुकं ठेवणार? मी खाली जेवण वाढीन नि वर ते पाप ठेवीन?"

"ते मुंगळे आहेत, आत्या."

"तुम्हीच त्यांना बाळं म्हणता."

मास्तर जिन्याकडे वळले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, डबे माझ्या घरी ठेवा, सासूबाईंना सांगू नका म्हणजे झालं. नाहीतर दुसरी खोली बघा, काशीत खोल्यांना काय तोटा? मास्तर म्हणाले, "त्यांच्या हातचं जेवायचं आणि त्यांच्या पाठीमागे हे करायचं? नाही जमणार." मी चिडलो. म्हटलं, "आणि टेबल?" ते जिना चढून वर गेले.

पुढे कित्येक उन्हाळे असेच गेले. मास्तर दरवर्षी दोन डबे भरत, एक गच्चीवर तापवत, एक तहखान्यात ठेवत. दर शुक्रवारी आत्या दोन्ही डब्यांना पेढा देत. दोन्हींत बाळं सारखीच वाढत. गल्ली हसायची. मी विचारायचो, जे होणार ते माहीत असताना तापवता कशाला? "सराव राहतो," ते म्हणत. त्या दोघांत यावरून परत कधी वाद झाला नाही. आत्या पळी वाजवत, मास्तर जेवायला उतरत. प्रोफेसरांचं येणं थांबलं, मग ते निवृत्त झाले, पण त्यांच्या जागी आलेल्यांना त्यांनी टेबलाचं सांगून ठेवलं होतं. तसं पत्र मास्तरांना आलं होतं.

मग एका माघात आत्या गेल्या. फार दिवस अंथरुणाला खिळून नव्हत्या. शेवटी शेवटी त्यांना अन्न जात नव्हतं, तेव्हा मास्तर वाटीत पेज घेऊन त्यांच्या उशाशी बसत आणि चमच्याने घालत. बहुतेक ओघळून जायची. ते पुसत आणि परत चमचा भरत. मणिकर्णिकेवर मास्तर आणि मी दोघेही होतो. घर आत्यांच्या नागपूरच्या पुतण्याकडे गेलं. त्याने मास्तरांना राहू दिलं.

त्या जेठात मास्तरांनी डबे भरले तेव्हा मी मनात म्हटलं, आता होईल. आता अडवणारं कुणी नाही. हे मनात आल्याची मला लाज वाटली, तरी वाटलं तसंच. आषाढात मी दर दोन दिवसांनी जाऊन बघत होतो. पेढा नव्हता. साखरेचं पाणी आणि पीठ, बस्स. खालची चूल थंड होती आणि मास्तर कुठूनतरी कचोडी आणून खात.

मग एका दुपारी त्यांनी मला शाळेतूनच ओढून नेलं. खोलीत भिंग माझ्या हातात दिलं. "बघा. पहिला आधी."

पहिल्या डब्यात बाळं होती, टचटचीत, पांढरी. मुंगळे त्यांना चाटत होते.

"आता दुसरा."

दुसऱ्या, गच्चीवर तापवलेल्या डब्यात बाळं सुरकुतली होती. काही पिवळी पडली होती. एक मुंगळा त्यांतलं एक उचलून कोपऱ्यातल्या कचऱ्याकडे नेत होता. तिथे आणखी पडली होती. काही अजून हलत होती.

माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत मुंगळ्यांनी माझ्या अंगावर कधी काटा आणला नव्हता.

"मास्तर," मी म्हटलं, "झालं! भाडं सापडलं! आत्ताच्या आत्ता कलकत्त्याला तार करा. म्हणावं, या आणि बघा. टेबल तुमचं."

"यायला आठवडा जाईल," ते म्हणाले. "तोवर ही राहत नाहीत."

"नाही राहत तर नाही राहत! तेच तर दाखवायचंय!"

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं आता तो प्रश्न येणार. तो आलाच. "इतिहासवाले, तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"मीही पाहिलं." आणि त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. नेहमी त्यातून काचेची नळी निघायची. या वेळी द्रोण निघाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज शुक्रवार आहे आणि हा माणूस सकाळी शाळेत उशिरा आला होता.

मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांचा हात धरला. "तुमचं सगळं आयुष्य यात गेलं. आठवडाभर थांबा. आत्या नाहीत आता."

"म्हणून तर कुणीतरी द्यायला पाहिजे," ते म्हणाले.

मी हात सोडला. म्हटलं, "पण मास्तर, माझी साक्ष कलकत्त्यात कोण मानणार? मी इतिहास शिकवतो."

"मग इतिहासात लिहा."

पेढ्याचा कोपरा मोडून त्यांनी तो बोटांनी चुरला. आत्यांसारखा बारीक चुरा त्यांना जमत नव्हता. दुसऱ्या डब्याच्या भोकाशी ते बराच वेळ बोट धरून बसले, मुंगळे येऊन तो न्यायला लागेपर्यंत. मग उठले आणि पहिल्या डब्यालाही तेवढाच दिला.